यंत्राशी केलेले असत्य

मराठीत ‘मर्यादा’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. समुद्राच्या काठाला मर्यादा म्हणतात, आणि वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढू न देण्यालाही मर्यादाच म्हणतात. पहिल्या अर्थी मर्यादा ही वस्तुस्थिती आहे. दुसऱ्या अर्थी ती कुणीतरी घातलेली आणि कुणीतरी मानलेली गोष्ट आहे. यंत्राच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांत इतके मिसळून जातात की, कारखान्याने छापलेला आकडा हाच यंत्राचा स्वभाव, असे वापरणारा धरून चालतो. वस्तुतः छापलेली मर्यादा आणि यंत्राचा प्रत्यक्ष अंत यांच्यामध्ये एक मोकळी पट्टी राखलेली असते. बांधालगत नांगर न फिरवलेली जमीन असते तशी. त्या पट्टीवर पाय ठेवण्याचा अधिकार कोणाला, आणि ठेवला तर कोणाचे काय बुडते, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. त्याचे मूळ मात्र नीतिविचारात आहे.

दिल्ली आणि तिच्याभोवती पसरलेली नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद ही शहरे यांत ‘व्होल्टेज’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकतो, घरोघरी वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी सुरू होतात, आणि वीज कधी खाली बसते, कधी उसळते. म्हणून तेथील मध्यमवर्गीय घरात शीतकपाटाच्या आधी स्टॅबिलायझरचा विचार होतो. विजेचा दाब ही तेथे भिण्याची गोष्ट आहे. अशाच एखाद्या घरातील एक तरुण डोळ्यांसमोर आणावा. तो दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेसला जातो; मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली ज्याने पाहिली आहे, त्याला संगणकाच्या सुट्या भागांच्या या बाजाराची कल्पना सहज येईल. तेथून तो नवे ग्राफिक्स कार्ड आणतो, आणि ज्या दाबापासून घरातल्या इतर उपकरणांना जपायचे, तोच दाब त्या कार्डात मुद्दाम वाढवायला बसतो.

तो नेमके काय करतो, हे पाहिल्यावाचून त्याच्या कृतीविषयी बोलणे योग्य नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्र घडवणारे स्वतंत्र गणनयंत्र. त्याच्या मध्यभागी असलेल्या चिपला साधारण एक व्होल्ट एवढाच दाब लागतो, म्हणजे विजेरीच्या एका सेलपेक्षाही कमी. प्रवाह मात्र प्रचंड असतो. एनव्हिडियाच्या २०२२ मध्ये आलेल्या ‘आरटीएक्स ४०९०’ या कार्डाची अधिकृत वीजमर्यादा ४५० वॅट आहे; एवढी शक्ती इतक्या अल्प दाबाने पोचवायची, तर प्रवाह शेकडो अँपिअरच्या घरात जातो. हा दाब स्थिर राखण्याचे काम कार्डावरच बसवलेला एक नियामक करतो. आपले काम बरोबर होते आहे की नाही, हेही तो स्वतःच तपासतो. बाहेर पाठवलेल्या दाबाचा ठरावीक अंश दोन रोधकांच्या वाटेने त्याच्याकडे परत येतो. तो अंश तो आपल्यापाशी असलेल्या प्रमाणाशी ताडून पाहतो. कमी भरला तर दाब वाढवतो, अधिक भरला तर उतरवतो.

या परतीच्या वाटेवर हा तरुण हात घालतो. नियामकाच्या एका सूक्ष्म पायाला तो बारीक तार डाख देऊन जोडतो, तारेच्या दुसऱ्या टोकाला प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवून कमीअधिक करता येणारा चिमुकला रोधक, लावतो आणि ती वाट शून्य दाबाच्या तारेशी नेऊन मिळवतो. परत येणाऱ्या अंशाला आता आणखी एक पाझर फुटतो, आणि नियामकाच्या हाती पडणारा अंश घटतो. त्याच्या लेखी दाब कमी पडलेला असतो. तो दाब वाढवतो. प्रीसेट आणखी फिरवला की आणखी वाढवतो. आणि आपण प्रमाणावरच आहोत अशा पूर्ण खात्रीने वाढवत राहतो. याचेच एक गरिबाघरचे रूप म्हणजे रोधकावर शिसपेन्सिल घासणे. ग्रॅफाइट वीज वाहून नेते, म्हणून त्या थराने रोध उतरतो आणि तोच परिणाम साधतो. कार्ड किती वीज खाते हे मोजणारे रोधकही अशाच रीतीने जोडून टाकले जातात, म्हणजे कार्ड पोटभर जेवूनही आपण अर्धपोटीच आहोत असे मोजत राहते.

बाहेरून बळजबरीने दाब लादणे वेगळे आणि हे वेगळे. येथे कार्डावर कोणी जबरदस्ती करत नाही. त्याला खोटी वार्ता दिली जाते, आणि पुढचे सर्व ते आपल्या स्वभावाप्रमाणे, आपल्या प्रामाणिकपणामुळेच करते. जगभर या कृतीचे वर्णन करताना फसवण्याचेच क्रियापद वापरले जाते, ते उगाच नव्हे. द्रोणाचार्यांच्या हातून शस्त्र बळाने सुटले नव्हते. ज्याच्या तोंडून कधी असत्य आले नाही, त्याच्या मुखातून अश्वत्थामा मेल्याची वार्ता आली, आणि तिने ते काम केले. ती वार्ताही अंशतः खरीच होती. नियामकाकडे परतणारा संकेतही अंशच असतो, आणि आजवर तो कधी खोटा निघालेला नसतो, यातच त्याची भेद्यता आहे. महाभारतकार तेवढ्यावर थांबत नाहीत. जमिनीच्या चार बोटे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, हेही ते सांगतात. असत्याची मोजणी ऐकणाऱ्याच्या हानीवरून होते, तशीच ती बोलणाऱ्याच्या रथावरूनही होते, हा त्या कथेचा आशय. मग यंत्राशी असत्य बोलणाऱ्याचा रथ खाली येतो काय?

सरळ उत्तर नकारार्थी आहे, आणि ते बव्हंशी बरोबरही आहे. विश्वास ठेवणारा कोणी असेल तरच विश्वासघात संभवतो. नियामक विश्वास ठेवत नाही, तो केवळ ताडून पाहतो. त्याच्या ठायी दुखावणारे मन कल्पिणे म्हणजे काव्यातील चेतनगुणोक्ती नीतिशास्त्रात आणणे होय, आणि तसे केल्याने नीतिशास्त्राचे भले होत नाही. तरीही उत्तर येथे संपत नाही. कारण त्या दोन रोधकांची किंमत ज्याने ठरवली तो माणूस होता, आणि ती ठरवताना त्याच्यासमोर एक विशिष्ट ग्राहक नव्हता, अनोळखी ग्राहकांचा समुदाय होता. एकाच तबकडीतून कापलेल्या चिप्सदेखील सारख्या निपजत नाहीत. एखादी थोड्या दाबावर चपळ चालते, दुसरीला अधिक दाब लागतो. कोणाच्या घरी धूळ असेल, कोणाचा पंखा बंद पडलेला असेल, कोणी मे महिन्यात गाझियाबादच्या गच्चीवरच्या खोलीत ते कार्ड चालवील. या सगळ्यांसाठी वर्षानुवर्षे निभावेल असा एकच आकडा लिहायचा, तर तो सर्वांत दुबळ्या चिपला आणि सर्वांत निष्काळजी ग्राहकाला झेपेल असाच लिहावा लागतो. मोकळी पट्टी राखली जाते ती त्यांच्यासाठी. यंत्रावर छापलेली मर्यादा म्हणजे यंत्राचा स्वभाव नसून, न पाहिलेल्या माणसाला दिलेले वचन होय.

असे मानले की तरुणाचा बचावही स्पष्ट होतो, आणि तो दुबळा नाही. वचन सामान्याला दिलेले आहे. माझ्या हातातले कार्ड विशेष आहे. त्याची चिप कोणत्या जातीची, ती कोठे अडखळते, किती थंडीत मुकी होते, हे मी प्रयोगाने जाणले आहे. वचनाचा लाभार्थी मीच असेन, तर ते परत करण्याचा अधिकारही माझाच. छंदाचे नियम सर्व कवींसाठी असतात. त्यांतून केव्हा बाहेर पडावे, हे छंद पचवलेल्यालाच कळते. (ज्याला मात्रा मोजता येत नाहीत त्याने केलेला छंदोभंग आणि जाणत्याने केलेला छंदोभंग यांतला भेद मराठी समीक्षेला पुरता परिचित आहे.) सामान्य नियमाविरुद्ध विशेषाचे ज्ञान ही बाजू नीतिविचाराने नेहमीच गांभीर्याने घेतली आहे. उत्पादकांनी मात्र ती नेहमी मान्य केलेली नाही. २०१२ मध्ये एनव्हिडियाने भागीदार कंपन्यांवरील व्होल्टेजविषयक निर्बंध कडक केले, आणि ईव्हीजीए या कंपनीने आपल्या ‘जीटीएक्स ६८० क्लासिफाइड’ कार्डावरील बाहेरून दाब नियंत्रित करण्याची जोडणी काढून टाकली. दार लावले गेले की खिडकी शोधली जाते. तार आणि डाख यांना पुन्हा महत्त्व आले.

येथे इतिहासातील एक विसंगती नोंदवली पाहिजे. वेग वाढवण्याचा हा खटाटोप मुळात काटकसरीतून लोकप्रिय झाला. १९९८ मध्ये इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त सेलेरॉन ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चालतो हे कळले, आणि ज्यांना महाग प्रोसेसर परवडत नव्हता त्यांनी तो घेतला. २००० च्या सुमारास एएमडीच्या ॲथलॉन आणि ड्युरॉन प्रोसेसरांवरील तुटक रेघा शिसपेन्सिलीने जोडून त्यांचा वेगगुणक मोकळा करता येई. थोडक्यात अधिक मिळवणे ही या देशात सद्गुणांत गणली जाणारी गोष्ट. जुने लुगडे फाडून गोधडी शिवणाऱ्या हाताशी तिचे नाते आहे. पुढे त्याच कौशल्याची दिशा उलटली. आजचा टोकाचा प्रयोग करणारा सर्वांत महाग कार्ड घेतो, आणि ते काही मिनिटांसाठी अशा वेगाने चालवतो की ज्याचा रोजच्या वापरात काहीही उपयोग नाही. त्यातून उरतो तो एक आकडा. प्रोसेसरच्या क्षेत्रात २०२२ मध्ये इंटेलच्या एका चिपने ९ गिगाहर्ट्झची रेषा ओलांडली. त्या जातीची अधिकृत कमाल सहाच्या आसपास होती.

दाबाची किंमत वर्गाने चढते, हे येथील गणित आहे. वेग तोच ठेवून दाब एक व्होल्टवरून १.४ वर नेला तर जळणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते, आणि वेगही वाढवला की त्याहून अधिक. ही उष्णता पंख्याने हटत नाही. म्हणून चिपवर तांब्याचे पेलाभर भांडे बसवून त्यात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओततात. मराठी वाचकाला हा द्रव अगदीच अनोळखी नसावा. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेच्या कामामुळे गोठवलेले रेत घेऊन गोठ्यापर्यंत येणारी द्रव नायट्रोजनची भांडी महाराष्ट्राच्या खेड्यांनी पाहिली आहेत. तेथे त्या थंडीतून वासरू येते. येथे तिच्यातून वेग येतो, कारण थंडीत चिपमधील गळती घटते आणि ती एरवी न सोसणारा दाब काही काळ सोसते. भोवतीच्या हवेतले पाणी मात्र कार्डावर दवासारखे जमते, म्हणून त्यावर व्हॅसलिन थापावे लागते; दिल्लीच्या जुलैमध्ये हे काम जानेवारीपेक्षा किती कठीण असेल, ते सांगायला नको. इतके करूनही दाबाची शिक्षा टळत नाही. चिपच्या आतील तारांतून प्रवाह दाट होऊन वाहिला की धातूचे अणूच हळूहळू वाहून जातात. १९६९ मध्ये जेम्स ब्लॅक यांनी या झिजेचे समीकरण मांडले. कित्येक वर्षांचे आयुष्य एका संध्याकाळी खर्ची पडते. कधी ते तत्क्षणी संपते.

हा नाश निंद्य आहे काय? जॉन लॉक यांनी मालकीहक्काचे समर्थन करतानाच, नासवण्यासाठी किंवा उद्ध्वस्त करण्यासाठी ईश्वराने काहीही निर्माण केलेले नाही, असा पायबंद त्याला घातला होता. कांट यांनी १७९७ च्या नीतिमीमांसेत आणखी सूक्ष्म भूमिका घेतली: निर्जीव पण सुंदर वस्तूची निष्कारण मोडतोड हा त्या वस्तूचा अपराध नव्हे, माणसाने स्वतःप्रती केलेला अपराध आहे, कारण कोणत्याही उपयोगाची अपेक्षा न ठेवता एखाद्या गोष्टीवर प्रेम करण्याची वृत्ती त्याने क्षीण होते. कांट यांची कसोटी येथे लावली तर निकाल चमत्कारिक लागतो. कार्डावर उपयोगनिरपेक्ष प्रेम कोण करतो? दोन वर्षे खेळ खेळून चांगले चालणारे कार्ड टाकून नवे आणणारा ग्राहक नव्हे. ज्याने त्याचा एकेक रोधक भिंगातून न्याहाळला, ज्याला त्याची अडखळण्याची जागा ठाऊक आहे, तोच करतो. आणि नेमका तोच ते जाळतो. याला मोडतोडीची वृत्ती म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात यज्ञाचा काही अंश आहे. ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गातील रघूने विश्वजित् यज्ञात सर्वस्व देऊन टाकले, आणि वरतंतूचा शिष्य कौत्स दारी आला तेव्हा त्याच्या स्वागताला राजाच्या हाती मातीचे पात्र उरले होते. व्यवहाराच्या हिशेबात हेही उधळपट्टीच ठरते. पण रघूने जे दिले ते स्वतःचे होते आणि उत्तम होते. आपले, नवे आणि निर्दोष कार्ड जाळून हाती केवळ आकडा घेऊन बसलेल्या तरुणाचा रथ खाली आला, असे म्हणता येत नाही.

याच्या शेजारी दुसरा एक यज्ञ आहे, आणि तोही सर्वस्वदानाचाच म्हटला जातो. कठोपनिषदाच्या आरंभी वाजश्रवस आपले सर्व धन देऊ लागतो. त्याचा पोर नचिकेता दानासाठी चाललेल्या गायी पाहतो. त्यांचे पाणी पिऊन झालेले आहे, गवत खाऊन झालेले आहे, दूध देऊन झालेले आहे. आता त्या विणारही नाहीत. विधी पुरा आहे, गायींची संख्याही भरते आहे, आणि घेणाऱ्याच्या गोठ्यात मात्र काहीच जाणार नाही. मुलाला ते सहन होत नाही. मला कोणाला देणार, असे तो बापाला तीनदा विचारतो.

दिल्लीच्या त्या तरुणाची खरी परीक्षा येथे येते. कार्ड मेले. अजून वॉरंटी आहे. डाख काढता येतो, पाय पुसून घेता येतो, व्हॅसलिन धुता येते; ‘आपोआप बंद पडले’ एवढे एकच वाक्य काउंटरवर बोलायचे असते. नियामकाला जे सांगितले त्याच्याच नमुन्याचे हे वाक्य आहे: परत येणारी वार्ता घटवायची, म्हणजे समोरचा आपल्या प्रामाणिकपणानेच नुकसान सोसतो. पण या वेळी समोर ताडून पाहणारा रोधक नसतो, विश्वास ठेवणारा माणूस असतो. वचन आपण परत केले असा ज्याचा बचाव होता, तोच आता त्या वचनाची वसुली मागतो. दोन्ही बाजूंनी हे जमत नाही. दुसरी वाट त्याहून सोपी आणि वाईट आहे. कार्ड मेलेले नाही, नुसते झिजले आहे. ते जुन्या बाजारात ‘थोडेच वापरलेले’ म्हणून विकायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली गणनापद्धती बदलली आणि नाणी ‘खणण्या’साठी अहोरात्र राबवलेली कार्डे जगभरच्या जुन्या बाजारांत आली. जुने कार्ड घेणाऱ्यापुढचा प्रश्न तेव्हा सर्वांच्या लक्षात आला: झीज डोळ्यांना दिसत नाही. घेणारा बहुधा तोच, ज्याला नवे परवडत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी ती मोकळी पट्टी राखलेली होती, तोच. पट्टी विकणाऱ्याने आधीच नांगरून खाल्लेली असते. वाजश्रवसाची गाय ती हीच.

प्रामाणिक प्रयोगकर्ता या दोन्ही वाटा नाकारतो, मेलेले कार्ड मेलेले म्हणून सांगतो, आणि बहुधा येथे आपला हिशेब संपला असे मानतो. तो संपत नाही. नेहरू प्लेसहून यमुना ओलांडून ईशान्य दिल्लीत गेले की सीलमपूर लागते. देशातील इलेक्ट्रॉनिक भंगाराचे ते सर्वांत मोठ्या अनौपचारिक केंद्रांपैकी एक. तेथील अरुंद गल्ल्यांत माणसे, त्यांत स्त्रिया आणि मुलेही, हातोडी, पक्कड आणि शेगडी घेऊन पट्ट्या सोलतात. तांबे, शिसे आणि सोन्याचा मुलामा यांसाठी आम्ल आणि धूर अंगावर घेतात. २०११ मध्ये केलेले ई-कचरा नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये ते बदलले, आणि २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे हे नियम कागदावर चांगले आहेत. गल्ल्या त्यांच्या आधीपासून आहेत आणि त्यांच्या नंतरही राहिल्या आहेत. हा आरोप एकट्या प्रयोगकर्त्यावर ठेवणे बरोबर नाही. त्याने जाळलेली कार्डे बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचा ढीग मर्यादा कधीही न ओलांडलेल्या सभ्य ग्राहकांचा असतो. त्यांनी आपल्या गायींचे दूध पुरते काढलेही नाही, आणि त्या दिल्या कोणाला हे विचारलेही नाही. दाब वाढवणाऱ्याला निदान आपण काय संपवले ते माहीत असते.

सीलमपूरच्या कारागिराला यातले काही माहीत नसते. त्याच्या हाती आलेल्या पट्टीने एकेकाळी विक्रम केला की ती नुसती कंटाळा आला म्हणून टाकली गेली, याने तिचा भाव बदलत नाही. तो टोकाकडील सोनेरी संपर्कपट्टी कापून वेगळी करतो, धडधाकट दिसणारे भाग शेगडीवर तापवून उतरवतो आणि जातवार डब्यांत टाकतो. एखाद्या पट्टीच्या कोपऱ्यात बारीक तारेला लोंबणारा, कारखान्याने न बसवलेला एक प्रीसेट त्याला सापडला, तर तोही तो अलगद काढून घेईल. तो चालू असतो. जुन्या दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटसारख्या ठिकाणी त्याचे पुन्हा काही रुपये येतात.